तक्त्यावरची शंकरपाळी

कागदावर माणूस काढायचा तर पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल. माणूस गेलेला असेल तर त्यावर तिरकी रेघ. आजार असेल तर आकार आतून काळा. नवरा-बायको एका आडव्या रेघेने जोडायचे, आणि ते आधीपासून रक्ताच्या नात्यातले असतील तर दोन रेघांनी. पोटात वाढणारं मूल शंकरपाळीच्या आकाराचं काढायचं, कारण त्याच्याबद्दल अजून काहीच ठाऊक नसतं. एमएस्सीला हे सगळं मी एका तासात शिकले. पूर्णिमाच्या घराचा तक्ता काढायला मात्र मला चार दुपारी लागल्या.

पूर्णिमा कंग्राळीची. तिची मुलगी आरोही चार वर्षांची. तिला एमपीएस नावाचा आजार आहे. शरीरातलं एक एन्झाइम तयारच होत नाही, त्यामुळे साखरेच्या लांब साखळ्या पेशींत साठत जातात. बोटं आखडतात, पोट पुढे येतं, डोळ्यांवर धुकं धरतं. आई आणि बाप दोघांकडेही तो बिघडलेला जीन लपलेला असेल, तर दर बाळंतपणात मूल आजारी निघण्याची चारात एक शक्यता. अशा मुलांच्या पालकांसाठी बेळगावात अनगोळला आमचा दोन खोल्यांचा गट आहे. तो मंगल मॅडम चालवतात. त्यांचा मुलगा आदर्श याच आजाराने नवव्या वर्षी गेला. मी तिथे दीड वर्षापूर्वी लागले. माझं काम घरोघरी जाऊन माहिती घ्यायचं, तक्ते काढायचं आणि रिपोर्टात काय लिहिलंय ते आईबापांना समजेल असं सांगायचं.

पूर्णिमाच्या घरची माहिती तिच्या सासूने दिली. नागुबाई तिची सासूही आणि सख्खी आत्याही. नागुबाईंनी भावाची मुलगी आपल्या युवराजला करून आणली होती. पूर्णिमा त्यांना लग्नाआधीही आत्ती म्हणायची आणि नंतरही.

"कुणाकुणाचं पायजे?" नागुबाईंनी पहिल्या दुपारी विचारलं.

"सगळ्यांचं. गेलेल्यांचंही."

"मग गेलेल्यांचंच आदी घे. ती काय भांडाय येत न्हाईत."

त्या शेंगा फोडत सांगत गेल्या आणि मी काढत गेले. त्यांना वरच्या पाच पिढ्या नावानिशी पाठ होत्या. माझे वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत होते. आमच्या घरात आजोबांच्या वरचं नाव कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे मला ते ऐकायला फार आवडत होतं आणि नागुबाईंना ते कळत होतं. स्वतःच्या दोन गेलेल्या मुलांबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं की एक बाळंतपणात गेलं आणि एक मुलगी साडेतीन वर्षांची होऊन तापाने गेली. मी गोलावर तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं, कारण ताप.

नागुबाई आणि त्यांचा नवरा भरमा यांच्यामध्ये मी दोन रेघा मारल्या तेव्हा त्यांनी बोट ठेवलं. "दोन कशाला गं?"

"तुम्ही दोघं आधीपासून नात्यातले. ते तुमच्या आत्याचा मुलगा ना?"

"व्हय. मग बराबर हाय. एक तुटली तर दुसरी हाय." त्यांनी युवराज आणि पूर्णिमामधल्या दोन रेघाही बघितल्या आणि समाधानाने शेंगांकडे वळल्या. मी तेव्हा त्यांना चारात एकचं गणित पुन्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. चहा आला होता.

शंकरपाळी मात्र नागुबाईंनी काढायला लावली नाही. ती पूर्णिमाने लावली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आरोहीचे व्यायाम चालले असताना आम्ही दोघी हॉस्पिटलच्या जिन्यात बसलो होतो.

"तुझ्या त्या कागदात आनी एक घाल," ती म्हणाली. "आठवा आठवडा हाय."

युवराजला माहीत होतं. तो उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, बोलणं कमी. घरात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. आरोहीचा जीन कुठे बिघडलाय ते रिपोर्टात आलेलं असल्यामुळे बाराव्या आठवड्यात वारेचा कणभर तुकडा काढून बाळाचीही तपासणी करता येणार होती. ती तारीख मीच घेऊन दिली. गुरुवार, सकाळी अकरा.

"आत्तीला कळलं की गावाला कळलं," पूर्णिमा म्हणाली. "मग ओटी भरतील, बायका बघाय येतील. कोन म्हणंल, पोरगा का पोरगी बघाय चाललीया. आनी तपासणी उलटी आली तर काय करायचं ते माझ्या हातात ऱ्हाणार न्हाय. तेवढं माझ्या हातात ऱ्हाऊ दे. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"कुणाला कळणार नाही. कागद लॅबला जाईल, बाकी माझ्याकडे राहील."

"बघ हां."

"बघ हां काय त्यात. सांगितलं ना."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी आरोहीच्या गोलाशेजारी शंकरपाळी काढली. नीट, पट्टीने.

आठवड्याभराने मंगल मॅडमनी तक्ता मागितला. शहरातल्या डॉक्टरांसाठी एक बैठक होती आणि त्यांना दाट नात्यातल्या लग्नांचं चांगलं उदाहरण हवं होतं. मी म्हणाले, ही शंकरपाळी घरात कुणाला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "नावं काढ की. नावं काढली की तो अभ्यासाचा नमुना होतो." मलाही कॉलेजात हेच शिकवलं होतं. मी नावं काढली, त्या जागी आकडे घातले. शंकरपाळी काढून टाकता आली असती. एक क्षण तसं मनात आलंही. पण तक्त्यातलं माहीत असलेलं माणूस गाळलं तर तक्ता खोटा होतो, असं मला वाटलं. मी फाइल पाठवली आणि वर लिहिलं, फक्त डॉक्टरांसाठी.

गुंजीच्या कार्यक्रमाचं मला शुक्रवारी कळलं. दुर्मीळ आजारांच्या दिवसानिमित्त खानापूर तालुक्यात रविवारी जागृतीचा कार्यक्रम. त्यासाठी मॅडमनी माझ्या तक्त्याचा सहा फुटी फ्लेक्स छापून घेतला होता. टेबलावर उलगडून दाखवला. कडेला फुलांची नक्षी होती.

"मॅडम, हा डॉक्टरांसाठी होता."

"डॉक्टरांना काय, त्यांना पुस्तकात मिळतं. बायकांना कुठं मिळतं?"

"पण घर इथलंच आहे."

"कंग्राळी कुठं, गुंजी कुठं. चाळीस किलोमीटर. तिथं कोण ओळखणार आहे ह्या गोलांना?"

चाळीस किलोमीटर हा आकडा मला पटला. माझ्या फॉर्मवर वय, आजार, मृत्यूचं कारण, सगळ्याला रकाना आहे. बाई कुठल्या गावाला दिली याला रकाना नाही. त्यामुळे नागुबाईंच्या धाकट्या बहिणीचा गोल मी काढला होता, पण शालूबाई कुठे नांदते ते मी कधी विचारलंच नव्हतं.

शालूबाई गुंजीत नांदते. आणि बेळगावच्या मॅडम आपल्या गावात येणार हे तिने फोनवर बहिणीला आधीच सांगितलं होतं. नागुबाई सकाळच्या गाडीने मुद्दाम आल्या होत्या. आरोहीसाठी एवढं करणाऱ्या मंडळींचा कार्यक्रम, आपलं माणूस नको का तिथे.

मी माइक हातात घेईपर्यंत त्या मला दिसल्या नाहीत. शाळेच्या हॉलमध्ये बचत गटांच्या साठेक बायका होत्या. मागे खिडकीच्या गजांना फ्लेक्स बांधलेला. मॅडम म्हणाल्या, तक्ता ज्योत्स्ना समजावेल. मी दुसऱ्या रांगेत बघितलं, तर नागुबाईंनी ओळखीचा हात वर केला. मी तेव्हाच माइक खाली ठेवायला हवा होता. मी चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, असं सुरू केलं. बोलत राहिले तर शंकरपाळीकडे कुणाचं लक्ष जाणार नाही, असं काहीतरी मला वाटलं असावं.

मी दुसऱ्या ओळीवर पोचले तेव्हा नागुबाई उठल्या होत्या.

"आगं शालू, ह्ये आपलंच हाय की."

त्या पुढे आल्या. फ्लेक्सला अगदी चिकटून उभ्या राहिल्या आणि बोट लावत चालल्या. "ह्यो आमचा बा. ही आई. ह्यो थोरला दादा. ह्या दोन रेघा म्हंजे मी आनी आमचं मालक. आनी ह्यो शेवटाचा गोल बघ, तू."

"मी एवढीच?" शालूबाई जागेवरून म्हणाली. बायका हसल्या.

"तू बारकी न्हवं? मग शेवटालाच येनार." नागुबाईंना रंग चढला होता. नावं कुठेच नव्हती, आणि पाच मिनिटांत सगळी नावं हॉलमध्ये होती. त्या आरोहीपर्यंत आल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. "ही काळी केलीया ती माझी नात. आरू." मागून कुणीतरी च्च केलं. त्या वळल्या. "च्च कशाला करतीसा? आजार हाय. आमाला बी दोन वर्षं कळलं न्हवतं. लेकराची बोटं सरळ व्हईनात, पोट फुगाय लागलं, की ह्या बायांस्नी दावा. लाजत बसू नका. आमी बसलो आनी टाइम गेला."

दीड वर्षात मी केलेल्या कुठल्याही भाषणापेक्षा ते चांगलं होतं. मॅडम मान हलवत होत्या. माझं लक्ष नागुबाईंच्या बोटाकडे होतं; ते आरोहीवरून उजवीकडे सरकलं होतं.

"आनी ही शंकरपाळी कशाची गं, ज्योत्स्ना?"

"ते राहू द्या," मी म्हणाले. "पुढचं सांगते."

मॅडमनी माझ्या हातातून माइक घेतला. "चांगला प्रश्न विचारलात. ह्याचा अर्थ, ह्या घरातली सून आता गरोदर आहे. आणि बाळाला आजार आहे की नाही हे बाराव्या आठवड्यात तपासता येतं. हेच तर आम्ही तुम्हाला सांगायला आलोय."

शालूबाईने आनंदाने "आगं बया" म्हटलं आणि मग बहिणीकडे बघून थांबली. नागुबाईंचं बोट अजून फ्लेक्सवर होतं. त्यांनी ते काढलं, पदराला पुसलं, जणू रंग लागला असावा, आणि जागेवर जाऊन बसल्या. कार्यक्रम आणखी चाळीस मिनिटं चालला.

परतीच्या गाडीला वेळ होता. मॅडम कारने गेल्या. मला चल म्हणाल्या, मी गेले नाही. गुंजीच्या स्टेशनवर बाकावर नागुबाई एकट्या बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

"कितवा म्हैना?" त्यांनी रुळांकडे बघत विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही, नागुबाई. पूर्णिमाला विचारा."

"साऱ्या गुंजीला सांगिटलासा. मला सांगाय येत न्हाय?"

मग त्याच म्हणाल्या, "माझ्या भावाची पोर ती. न्हाऊ-माखू मी घाटलंय तिला. तिला वाटलं मी गावभर करीन." त्या थांबल्या. "केलं असतं म्हणा."

पूर्णिमाला मी तिथूनच तीनदा फोन लावला. तिसऱ्यांदा तिने उचलला. शालूबाईचा फोन आधीच येऊन गेला होता, अभिनंदनाचा.

"आत्ती हाय तिथं तुझ्यासंगं?" तिने विचारलं.

"हो."

"मग ठेव."

सोमवारी मी ऑफिसात गेले तेव्हा मॅडम खुशीत होत्या. एकोणीस बायकांनी तपासणीसाठी नावं दिली होती. एवढी कुठल्याच गावात आली नव्हती. दोन मुलांची वर्णनं ऐकूनच मला कळत होतं की त्यांना लवकर बघायला हवं. ते खरं होतं आणि चांगलं होतं, आणि मला ते नाकारता येत नव्हतं.

"घरात माहीत नाही हे मी तुम्हाला सांगितलं होतं," मी म्हणाले.

"सांगितलं होतंस."

"मग?"

"साठ बायका ऐकत होत्या, ज्योत्स्ना. समोर प्रश्न आला. मी काय सांगायला हवं होतं, छपाईची चूक?" त्यांनी भिंतीवरच्या आदर्शच्या फोटोकडे बघितलं नाही, पण माझी नजर तिकडे गेलीच. "माझ्या वेळेला असा एक फ्लेक्स कुणी लावला असता ना, तर कुणाचं घर उघडं पडतंय ते मी बघितलं नसतं. तुझ्या पूर्णिमाला चार दिवस वाईट वाटेल. त्या एकोणीस जणींचा हिशोब कोण करणार?"

"तिचे चारच दिवस उरलेत. गुरुवारी तारीख आहे."

त्या फायली लावत राहिल्या. याच बाईंनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की आई जे सांगते ते तिचं असतं, आपलं नसतं. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, तारखेसकट.

बुधवारी पूर्णिमा आली. आरोही तिच्या कडेवर होती. मॅडम बाहेर गेल्या होत्या. ती बसली नाही.

"कागद दे."

मी हाताने काढलेला मूळ कागद दिला. तिने तो बघितला नाही, घडी घालून पिशवीत ठेवला.

"कॉम्प्युटरातलं काढ. माझ्यासमोर."

मी फाइल काढून टाकली. पाठवलेल्या मेलमधलीही. ती पडद्याकडे बघत उभी होती.

"आता कुठंच न्हाय?"

खोटं बोलणं सोपं होतं. "आहे," मी म्हणाले. "मॅडमच्या फोनमध्ये आहे. फ्लेक्स छापणाऱ्याकडे आहे. आणि गुंजीच्या बायकांच्या ग्रुपवर फोटो गेलाय."

ती हसली, आवाज न करता. "मग ह्ये काढून काय केलंस?"

आरोहीने टेबलावरचं पेन धरायचा प्रयत्न केला. तिची बोटं वळत नाहीत, त्यामुळे ती दोन्ही तळहातांत धरते. मी पेन तिच्याकडे सरकवलं. पूर्णिमाने ते परत टेबलावर ठेवलं.

"मॅडमनी मला न विचारता केलं," मी म्हणाले.

"व्हय. आनी तू मला इचारलंतीस?"

ती दाराकडे वळली आणि पुन्हा थांबली.

"आत्ती दोन दिवस जेवली न्हाय. काल सकाळी मला बोलवलं. म्हणाली, माझी ती साडेतीन वर्षांची गेली न्हवं, तापानं गेली म्हणून सांगिटलं, पन तिची बोटं आरूसारकीच हुती. आरूची बोटं बघिटली तवाच वळकलं म्हणाली. लाज वाटली म्हणून गप बसली." पूर्णिमा आरोहीच्या केसांवरून हात फिरवत होती. "माझं लगीन ठरवताना बी तिला ती बोटं आठवली असतील. मी इचारलं न्हाय. तिनं माझ्यापास्नं लपवलं, मी तिच्यापास्नं. फिटंफाट झाली आमची."

माझ्या डोक्यात तक्ता आपोआप उघडला. युवराजच्या शेजारी, त्याच्या बहिणीचा. तिरकी रेघ मारलेला गोल. तो काळा करायला हवा होता, आणि खाली लिहिलेलं कारण खोडायला हवं होतं. तो काळा झाला की भरमामामांकडेही जीन आहे हे सिद्ध होतं, आणि मग त्यांच्या बाजूच्या सगळ्या घरांना सांगायला हवं. हे सगळं मला एका क्षणात दिसलं. पूर्णिमालाही माझ्या तोंडावर ते दिसलं असावं.

"ह्ये लिवू नको," ती म्हणाली.

"नाही लिहिणार."

"आनी उद्या येऊ नको."

"पण आत कुणीतरी लागतं बरोबर. ते फॉर्म भरायला, डॉक्टर सांगतात ते…"

"आत्ती येतीया."

"त्यांना चालणार आहे? उलटं आलं तर?"

"ते आमचं आमी बघू," पूर्णिमा म्हणाली. "तिनंच जाऊन साऱ्या गल्लीत सांगून टाकलं, माझं पोट पडलं म्हणून. तिसऱ्या म्हैन्यात टिकत न्हाय कदी कदी, असं. आता गल्लीत कोन बघाय येत न्हाय. आता माझ्या हातात हाय."

ती गेली. जिन्यावरून आरोहीचा जड श्वास थोडा वेळ ऐकू येत राहिला.

गुरुवारी अकरा वाजता मी टेबलाशी होते. एकोणीस नावांची यादी समोर होती आणि प्रत्येकीचा फॉर्म भरायचा होता. फॉर्मवर मी पेनने एक रकाना वाढवला: ही बाई कुठल्या गावची, कुठल्या गावी दिली. दुसरा रकाना वाढवला: हे कुणाकुणाला सांगायचं नाही. मॅडमनी ते बघितलं आणि यादी नेली. फ्लेक्स कपाटामागे गुंडाळून उभा होता. पुढचा कार्यक्रम निपाणीला ठरत होता. मी तो फ्लेक्स घरी नेला, कात्रीने कापला आणि मग पुन्हा आठवलं की छापणाऱ्याकडे फाइल आहे.

रिपोर्ट तीन आठवड्यांनी येतो. तो गटाकडे येत नाही, पेशंटकडे जातो. पूर्णिमा त्यानंतर आरोहीला आमच्याकडे आणत नाही. शहरातल्याच दुसऱ्या ठिकाणी व्यायामाला नेते, असं एका आईकडून कळलं. मी पुढे चौकशी केली नाही.

मेमध्ये एकदा बेळगावच्या बसस्टँडवर नागुबाई दिसल्या. हातात पिशवी, डोक्यावर पदर. त्यांनी मला बघितलं. मला वाटलं त्या तोंड फिरवतील, पण त्या जवळ आल्या.

"जेवलीस?"

"जेवले. तुम्ही?"

"व्हय."

रिपोर्टाचं मी काही विचारलं नाही. त्यांनी क्षणभर वाट बघितली, मी विचारते का ते बघितलं असावं. मग कंग्राळीची बस लागली आणि त्या चढल्या. खिडकीशी बसल्यावर त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि ती दोन्ही हातांनी घट्ट बंद करून धरली.